बाळाचे आणि घरातल्या प्राण्यांचे डोळे चिकटतात तेव्हा: काय बघायचं, काय करायचं, कधी लगेच निघायचं

बाळाचा एक डोळा सकाळी उघडतच नाही, पापण्या चिकटून बसल्यात. किंवा मांजराच्या डोळ्यातून कालपासून पाणी येतंय आणि आज ते पिवळं दिसायला लागलंय. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक जण आधी चिपडांचा रंग बघतो, पांढरं की पिवळं की हिरवं, आणि त्यावरूनच ठरवतो की घाबरायचं का नाही. माझं म्हणणं आहे की रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी अख्खं बाळ किंवा अख्खा प्राणी बघा, मग डोळा बघा, आणि मग त्या डोळ्यातून काय येतंय ते बघा. कारण सहा महिन्यांचं बाळ, डोळ्याला पिवळी चिपडं पण मजेत दूध पितंय, हसतंय, खेळतंय, तर ते सकाळी डॉक्टर उघडेपर्यंत थांबू शकतं, आणि डोळ्यातून नुसतं स्वच्छ पाणी येतंय पण उजेडात डोळा उघडताच येत नाहीये, तर तिथे थांबायचं नसतं.

बाळ आणि प्राणी एकाच लेखात घेतलेत कारण दोघांनाही कुठे दुखतंय ते सांगता येत नाही आणि बघण्याचा क्रम दोघांसाठी सारखाच चालतो. औषधं आणि आकडे मात्र पूर्ण वेगळे आहेत, ते कधीच एकमेकांत मिसळायचे नाहीत.

पायरी १: हात लावायच्या आधी लांबून बघा

डोळ्याला हात लावला की बाळ रडतं, कुत्रं तोंड फिरवतं, मग डोळा रडून लाल झालाय की आधीपासूनच लाल होता तेच कळत नाही. म्हणून आधी एक-दोन मिनिटं नुसतं बघत बसा. नेहमीसारखं जागं आहे का, आवाजाकडे वळतंय का, श्वास कसा चाललाय, शेवटचं दूध कधी प्यायलं, शू कधी झाली. प्राणी असेल तर जेवणाच्या भांड्याकडे आला का, हाक मारल्यावर कान तरी हलवले का, की पलंगाखाली जाऊन बसलाय. मांजरं तर आजारी असली की लपतात, त्यामुळे एरवी अंगाखांद्यावर खेळणारं मांजर दिवसभर दिसलं नाही ही सुद्धा एक खूणच धरा.

इथे गडबड दिसली तर चिपडं पुसत बसू नका, थेट निघा. गडबड म्हणजे नेमकं काय ते आकड्यांत सांगतो.

बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर असेल तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच दाखवायचं, बाकी काही लक्षण नसलं तरी. इतक्या लहान बाळात गंभीर इन्फेक्शनसुद्धा कधीकधी फक्त तापानेच दिसतं. उलटंही तितकंच महत्त्वाचं आहे आणि ते लोक विसरतात, नवजात बाळाचं अंग ३६.५ च्या खाली जाऊन गार पडत असेल, उबेत घेऊनही गरम होत नसेल, तर ती पण इन्फेक्शनची खूण असू शकते. श्वास मोजताना बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट मोजा, कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच भराभर आणि मध्येच हळू चालतो, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा चुकतो. २ महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगात चाललाय असं जागतिक आरोग्य संघटना धरते. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली छाती आत ओढली जाणं, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज, ओठ निळसर पडणं, झटके, हिरवी उलटी, दूध ओढायचंच बंद करणं, उठवूनही नीट न उठणं, डोक्यावरची टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली, यातलं एकही असलं तरी ती इमर्जन्सी समजा. आणि शू मोजा. पहिला आठवडा संपत आला की दिवसभरात सहा-सात वेळा तरी लंगोट ओलं व्हायला हवं, सहा-आठ तास अगदी कोरडं राहिलं तर बाळाच्या पोटात पुरेसं जात नाहीये.

कुत्र्या-मांजराचं अंग आपल्याला नेहमी गरमच लागतं, कारण त्यांचं नॉर्मल तापमानच साधारण ३८ ते ३९.२ सेल्सिअस, म्हणजे १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्यामुळे कानाला हात लावून ताप ठरवू नका, नाक कोरडं का ओलं यावरूनही काही कळत नाही. १०३ च्या वर गेलं तर ताप, १०५-१०६ ला पोचलं तर धावाधाव करायची वेळ. गाढ झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या खाली असायला हवा, सारखाच ३० च्या वर येत असेल तर व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, सांगा. हिरड्या बघायची सवय लावा, ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा, जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. पांढऱ्याफटक, निळसर किंवा पिवळ्या हिरड्या म्हणजे लगेच निघा. (काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तेव्हा डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा.) मांजर तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर ते कुत्र्यासारखं गरम होतंय म्हणून नसतं, मांजराच्या बाबतीत ती मोठी धोक्याची खूण आहे.

पायरी २: आता डोळा बघा, चिपडं नाही

खिडकीच्या उजेडात घ्या, टॉर्च थेट डोळ्यात मारू नका. दोन्ही डोळे शेजारीशेजारी बघा, कारण दुसरा डोळा हीच तुमची मोजपट्टी आहे. डोळा पूर्ण उघडतोय का की मिचकावतोय. पांढरा भाग पांढरा आहे का. बुबुळ काचेसारखं स्वच्छ आहे का की धुरकट, निळसर किंवा त्यावर ठिपका आहे. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का. पापणी सुजलीये का, आणि सूज असेल तर डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय का.

या सगळ्यात जास्त किंमत द्यायची ती मिचकावण्याला. डोळा न उघडणं, उजेड सहन न होणं, सारखा पंजा किंवा मूठ घासणं याचा अर्थ डोळा दुखतोय, आणि साध्या चिपडांत डोळा दुखत नाही. बुबुळावर ओरखडा, आत काहीतरी अडकलेलं, डोळ्याचा दाब वाढलेला, यातलं काहीतरी असतं आणि ते घरी बसून कळत नाही. बाळाच्या बाबतीत पापणीचा केस किंवा स्वतःचंच नख लागलेलं असू शकतं, कुत्र्याच्या बाबतीत गवताचं कुसळ तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे आतल्या कोपऱ्यातल्या पडद्याच्या, मागे जाऊन बसतं आणि वरून काहीच दिसत नाही.

डोळा बाकीच्या शरीराचं पण सांगतो, तेही याच वेळी बघून घ्या. पांढरा भाग पिवळा म्हणजे कावीळ. बाळाला जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर उन्हात धरून बरं होईल म्हणत थांबू नका. कुत्रा-मांजरात डोळे पिवळे म्हणजे लिव्हर बिघडलंय किंवा रक्तपेशी फुटतायत, गोचीड तापातही असं होतं. खालच्या पापणीची आतली बाजू पांढरट म्हणजे रक्त कमी. डोळे खोल गेलेत म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. आणि मांजराच्या दोन्ही डोळ्यांत आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्धा वर आलेला दिसला तर ती तिसरी पापणी आहे, डोळ्यात दोष असेलच असं नाही पण मांजर एकंदरीत आजारी आहे हे ती सांगते.

पायरी ३: मग चिपडं

झोपेतून उठल्यावर कोपऱ्यात सुकलेला छोटासा कण, पुसला की दिवसभर परत नाही, हे सगळ्यांनाच होतं. स्वच्छ पाणी म्हणजे एकतर चुरचुर, व्हायरस, अ‍ॅलर्जी किंवा अश्रू वाहून जायची नळी बंद. पांढरट तारेसारखी चिपडं आणि खूप खाज, दोन्ही डोळ्यांना, म्हणजे अ‍ॅलर्जीकडे झुकतं. घट्ट पिवळं-हिरवं, पुसल्यावर अर्ध्या तासात परत साचतंय, ते बहुतेक बॅक्टेरियाचं. रक्त मिसळलेलं असेल तर रंगाची चर्चा बंद, दाखवा.

पण रंगाने फसायला होतं ते असं, की बाळाची अश्रूनलिका बंद असली तरी साचलेलं पाणी घट्ट होऊन पिवळं दिसतं आणि डोळा मात्र पांढरास्वच्छ असतो, तिथे अँटिबायोटिक टाकलं की चार दिवस बरं वाटतं आणि बंद केलं की परत तेच, कारण मूळ अडचण नळीची आहे. म्हणून रंग एकटा कधीच वाचायचा नाही, डोळा लाल आहे का हे जोडीला बघायचं.

बाळ: वयाप्रमाणे सगळं बदलतं

पहिले २८ दिवस वेगळेच धरा. या वयात डोळा लाल, पापण्या सुजलेल्या आणि पू असेल तर घरी एक दिवससुद्धा काढू नका. जन्माच्या वेळी आईकडून येणारं इन्फेक्शन असू शकतं. गोनोरिया (हा आणि क्लॅमिडिया, दोन्ही लैंगिक संबंधातून पसरणारे आजार) असेल तर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी पू अक्षरशः वाहतो आणि बुबुळाला भोक पडून दृष्टी जाऊ शकते, तेही फार थोड्या वेळात. क्लॅमिडिया पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास दिसतो आणि तेच जंतू पुढे बाळाला न्यूमोनिया करू शकतात, म्हणून त्यावर नुसते ड्रॉप्स पुरत नाहीत, पोटातून औषध लागतं आणि आई-वडील दोघांनाही उपचार लागतात. १८८० च्या सुमारास जर्मनीत कार्ल क्रेडे या डॉक्टरांनी जन्मल्याबरोबर बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली ती याच आजारामुळे, त्याआधी किती तरी मुलं यामुळे आंधळी होत होती. पापणीजवळ पाण्याने भरलेले बारीक फोड दिसले तर हर्पिस या व्हायरसची शंका, तेही लगेच दाखवायचं. (ओठावर तापाचे फोड आलेल्या कोणीही बाळाचा मुका घेऊ नये, अगदी आजी असली तरी.)

आता अश्रूनलिका. नळीच्या नाकाकडच्या टोकाला एक पातळ पडदा असतो तो काही बाळांत जन्मापर्यंत उघडत नाही. खूण अशी: डोळा पांढरा, बाळ मजेत, पण डोळ्यात पाणी तरंगतंय आणि झोपून उठल्यावर चिपडं. सर्दी झाली की वाढतं. नवजात बाळाला रडताना सुरुवातीचे काही आठवडे फारसे अश्रू येतच नाहीत, त्यामुळे तीन आठवड्यांच्या बाळाच्या एकाच डोळ्यातून न रडताही पाणी गालावर येत असेल तर नळीचाच विचार आधी येतो. यातली साधारण दहापैकी नऊ बाळं वर्षाच्या आत आपोआप बरी होतात.

मसाज करायचा असतो तो असा. नखं कापा, हात साबणाने धुवा. बाळाला झोपवा, दूध पिताना केलं तरी चालतं. करंगळी किंवा तर्जनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, जिथे नाकाचं हाड लागतं तिथे ठेवा, डोळ्याच्या गोळ्यावर अजिबात नाही. दाबून मग नाकाच्या कडेने सरळ खाली बोट सरकवा. पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. नुसतं कुरवाळल्यासारखं केलं तर उपयोग नाही, आतल्या पिशवीतलं पाणी खाली ढकललं जाऊन त्या दाबाने पडदा उघडावा हा हेतू आहे, आणि त्यासाठी किती दाब ते एकदा डॉक्टरांकडून स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्याच. मसाजनंतर कोपऱ्यातून चिपडं वर आली तर पुसून टाका. आतल्या कोपऱ्याजवळ लाल, गरम, दुखरी सूज आली तर मसाज बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर, कारण पिशवीतच इन्फेक्शन झालेलं असतं. जन्मतःच तिथे निळसर गाठ दिसत असेल तर तेही थांबायचं प्रकरण नाही, ती नाकाच्या आतही फुगलेली असू शकते आणि बाळाला श्वासाला त्रास होतो. वर्षाच्या आसपासही नळी उघडली नाही तर डोळ्यांचे डॉक्टर बारीक तार घालून मोकळी करतात, छोटी प्रोसिजर असते.

सगळं डोळ्यातलं पाणी नळीचं मात्र नसतं, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतो. पाणी येतंय, बाळ उजेडात तोंड लपवतं, डोळे घट्ट मिटतं, आणि बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतंय, या तिन्ही-चारी गोष्टी एकत्र म्हणजे जन्मजात काचबिंदूची शंका. अशा बाळाचे डोळे किती मोठे टपोरे आहेत म्हणून घरात कौतुक होतं आणि महिने निघून जातात. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा वाटला तरी दाखवा. तसंच फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक पुन्हा पुन्हा दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, मोतीबिंदू असू शकतो किंवा रेटिनोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर, जो लवकर सापडला तर बरा होतो. फोटो डिलीट करू नका, डॉक्टरांना तोच दाखवा.

थोड्या मोठ्या मुलांत डोळे येणं हा प्रकार जास्त. व्हायरसचा असेल तर सर्दी-घसा असतो, एका डोळ्यातून दुसऱ्यात जातो आणि एक ते दोन आठवडे घेतो, अँटिबायोटिकने लवकर जात नाही. पू आणि जोडीला कान दुखत असेल तर डॉक्टरांना कानसुद्धा बघायला सांगा, एकच जंतू दोन्ही करू शकतो. ताप, खोकला, नाक वाहणं आणि लाल पाणावलेले डोळे, मग तीन-चार दिवसांनी चेहऱ्यावरून खाली पुरळ, हे गोवराचं चित्र आहे. पाच दिवस ताप हटत नाही, डोळे लाल पण चिपडं अजिबात नाहीत, ओठ फाटलेले, जीभ लालबुंद, तर कावासाकी आजाराचा विचार व्हायलाच हवा, त्याचा परिणाम हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर होतो. आणि पापणी सुजून डोळा पुढे आलाय, हलवताना दुखतो, ताप आहे, तर सरळ हॉस्पिटल.

कुत्रा

सपाट तोंडाचे, म्हणजे पग, शिह त्झू, बुलडॉग, यांचे डोळे बाहेर आलेले असतात त्यामुळे थोडं पाणी नेहमीच असतं. पांढऱ्या केसांवर डोळ्याखाली तांबूस डाग पडतात ते अश्रूंमधल्या पोर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याने, रक्त नसतं, पण डाग अचानक वाढले तर कारण शोधा. याच जातींमध्ये, आणि कॉकर स्पॅनियल, ल्हासा अप्सो यांच्यातही, ड्राय आय, म्हणजे कोरडा डोळा, खूप होतो आणि तो वर्षानुवर्षं डोळे आले म्हणून निघून जातो. खूण म्हणजे घट्ट, गोंदासारखी, लांब तार निघणारी चिपडं आणि डोळ्याची चमक गेलेली. अश्रूच कमी बनतात म्हणून चिपडं वाढतात, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. व्हेट एक कागदाची पट्टी पापणीत एक मिनिट ठेवतात, १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, १० च्या खाली म्हणजे कोरडा डोळा. औषध बहुतेक आयुष्यभर घालावं लागतं पण डोळा वाचतो. तुमच्या कुत्र्याला सारखं सारखं इन्फेक्शन होतंय असं सांगितलं जात असेल तर ही पट्टीची टेस्ट झाली का ते विचारा, न लाजता विचारा.

आतल्या कोपऱ्यात लाल गोळी बाहेर आली तर तिला चेरी आय म्हणतात, ती अश्रू बनवणारी ग्रंथी आहे, कापून टाकण्यापेक्षा आत बसवून शिवणं चांगलं कारण कापली तर पुढे डोळा कोरडा पडू शकतो. लाल, धुरकट, बाहुली मोठी झालेला, दुखरा डोळा म्हणजे काचबिंदू, कुत्र्यात यात एक-दोन दिवसांत दृष्टी जाते. मारामारीत किंवा मान जोरात ओढल्यावर पगचा डोळा खोबणीतून बाहेर आला तर आत ढकलू नका, स्वच्छ ओलं कापड किंवा सलाइन लावून ओला ठेवा आणि निघा.

लसीकरण न झालेलं पिल्लू, दोन्ही डोळ्यांतून आणि नाकातून पिवळं-हिरवं, ताप, खोकला, जुलाब, खाणं बंद, हा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा व्हायरसचा गंभीर आजार, असू शकतो, नंतर त्यात झटके येतात. असं पिल्लू इतर कुत्र्यांपासून लगेच वेगळं ठेवा आणि व्हेटकडे नेताना आधी फोन करून सांगा.

मांजर, ससा आणि बाकीचे

मांजरात शिंका आणि डोळ्यातून पाणी हे दोन एकत्र आले की बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी व्हायरस. हर्पिस एकदा झाला की अंगात लपून राहतो आणि घर बदललं, नवीन प्राणी आला, आजारपण आलं की परत डोकं वर काढतो. कॅलिसीमध्ये जिभेवर फोड येतात म्हणून मांजर भांड्यापर्यंत येऊन वास घेतं आणि न खाता परत जातं. नाक चोंदलेलं असलं तरी मांजराला वास येत नाही आणि वास नाही तर जेवण नाही. इथे वेळ मोजायला लागा. मांजराने, त्यातही जाड मांजराने, एक-दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साचून ते मूळ आजारापेक्षा जास्त गंभीर होतं.

पिल्लांचे डोळे, मांजराच्या पिल्लांचे ७ ते १४ दिवसांत आणि कुत्र्याच्या पिल्लांचे १० ते १४ दिवसांत, आपोआप उघडतात, त्याआधी उघडायचे नसतात. पण न उघडलेल्या पापणीखाली फुगा आलाय किंवा कोपऱ्यातून पू डोकावतोय तर आत पू भरलाय, तो व्हेटने त्याच दिवशी काढला नाही तर डोळा आतल्या आत खराब होतो.

सशाच्या डोळ्यातून दुधासारखं पांढरं येत असेल तर दात बघायला सांगा, वरच्या दातांची मुळं अश्रूनलिकेला चिकटून असतात. ससा १२ तास खात नसेल किंवा लेंड्या बंद असतील तर ती इमर्जन्सी. उंदीर पाळले असतील तर डोळ्याभोवती लाल रंग दिसतो तो रक्त नसून पोर्फिरिन असतं, पण तो ताण किंवा आजार दाखवतो. पोपटवर्गातला पक्षी पिसं फुगवून बसलाय, डोळे चिकट, तर बाळाला त्या खोलीतून बाहेर ठेवा, सिटाकोसिस हा पक्ष्यांचा आजार माणसालाही होतो आणि त्यात न्यूमोनिया होऊ शकतो.

पायरी ४: साफ कसं करायचं

पाणी उकळून गार केलेलं किंवा स्टराइल सलाइन, आणि स्वच्छ कापूस किंवा गॉज. सुकलेलं चिपड ओढू नका, ओला कापूस पापणीवर मिनिटभर ठेवा, आपोआप सुटतं. मग आतल्या कोपऱ्यातून बाहेर, एकदाच पुसायचं आणि तो कापूस फेकायचा, परत फिरवायचा नाही. दुसऱ्या डोळ्याला नवीन कापूस. बरा डोळा आधी, खराब नंतर. केसाळ कुत्र्याचे डोळ्यात जाणारे केस कापायचे असतील तर स्वतः कात्री घेऊ नका, एक झटका बसला की संपलं.

ड्रॉप्स घालायला बाळाला पाठीवर झोपवा, डोळा मिटलेला असला तरी चालेल, आतल्या कोपऱ्यात थेंब टाका, बाळ डोळा उघडेल तेव्हा तो आत जातो. त्यासाठी जबरदस्तीने पापण्या ताणायची गरज नसते. कुत्र्या-मांजराच्या मागे बसा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, हनुवटी वर धरा आणि बाटली डोक्याच्या वरून मागून आणा म्हणजे त्यांना येताना दिसत नाही. टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं, मलम शेवटी. पंजाने घासत असेल तर गळ्यात भोंग्यासारखा कोन (कॉलर) घाला, दया येऊन काढू नका, एका रात्रीच्या खाजवण्याने साध्या ओरखड्याची जखम होते.

काय टाकायचं नाही: आईचं दूध, मध, तेल, कुठलाही रस. आणि सगळ्यात धोक्याचे कपाटातले उरलेले ड्रॉप्स. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि बुबुळावर जखम किंवा हर्पिस असताना स्टेरॉइड गेलं तर बुबुळ विरघळल्यासारखं होऊ शकतं. म्हणूनच डॉक्टर आणि व्हेट आधी केशरी रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बघतात, जखम असेल तर ती हिरवी चमकते. उघडलेली बाटली बहुतेक वेळा २८ दिवसांनी फेकायची असते, झाकणावर तारीख लिहून ठेवा. माणसाचं तापाचं औषध प्राण्याला देऊ नका, पॅरासिटामॉलने मांजर मरू शकतं, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या किडन्या जातात. फिनाइल, चुना, क्लीनर असं काही डोळ्यात उडालं तर आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवा, मग निघा. वाटेत धुता येत नाही.

घरात बाळ आणि प्राणी दोन्ही असतील तर एक भीती असते की कुत्र्याचे डोळे बाळाला येतील. माणसात पसरणारा व्हायरस सहसा कुत्र्या-मांजराला होत नाही, त्यांचा डिस्टेंपर किंवा मांजराचा हर्पिस आपल्याला होत नाही. काही बॅक्टेरिया क्वचित जाऊ शकतात, म्हणून प्राण्याचा डोळा पुसल्यावर हात धुऊनच बाळाला घ्या, कापूस-टॉवेल वेगळे ठेवा, आणि डोळे बरे होईपर्यंत प्राण्याला बाळाच्या चेहऱ्याजवळ येऊ देऊ नका. प्राणी सोडून द्यायची काहीही गरज नाही.

पायरी ५: डॉक्टरकडे जाताना आणि आल्यावर

डोळा पुसायच्या आधी एक फोटो काढा, कारण तिथे पोचेपर्यंत सगळं स्वच्छ झालेलं असतं. फोनमध्ये हे टिपून ठेवा: कधी सुरू झालं, आधी कुठला डोळा, खाणंपिणं, शू-शी, ताप किती आणि किती वाजता, आत्तापर्यंत डोळ्यात काय काय घातलं. यातलं शेवटचं लपवू नका, कुणी रागावलं तरी चालेल पण सांगा. बाळ असेल तर जन्म कसा झाला आणि लसी, प्राणी असेल तर लसी, गोचीड, बाहेर फिरणं.

बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनला ड्रॉप्स सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत फरक दिसायला हवा. नाही दिसला तर डोस मनाने वाढवू नका, बाटली बदलू नका, त्याच डॉक्टरांना परत दाखवा. बरं दिसलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. आणि मधल्या कुठल्याही वेळी डोळा मिटून घ्यायला लागला, बुबुळ धुरकट दिसलं, सूज वाढली किंवा बाळ-प्राणी मलूल पडला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच तासाला फोन करायचा.